हवेत उभे अकराशे टन

गुरुवारी सकाळी अकरा वाजता सोंड तलावाच्या बांधातून अकराशे टनांचा जोर बाहेर पडला आणि कुठेच गेला नाही.

हे वाक्य लिहितानाही मला कसंतरी होतं. मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई आहे, अंगारे-धुपारे करणारी नाही. जोर एका बाजूने निघाला की दुसऱ्या बाजूला पोचतोच, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण समोरचा पडदा सांगत होता की बांध पूर्वेकडे कशाला तरी अकराशे टनांनी ढकलतोय, आणि माझ्या मांडणीत पूर्वेला ढकलण्यासारखं काहीही नव्हतं. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. डॉक्टरेट असली तरी माणूस आधी हेच करतो. पुन्हा अकराशे.

यंत्राचं सरकारी नाव ताण-ऊर्जा सारणीमापक. पाटबंधारे खात्यात सगळे त्याला सोळाघरी म्हणतात आणि तेच नाव बरोबर आहे. शाळेत आपण शिकतो की वस्तू जितकी जड तितकी तिची ओढ जास्त. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात प्रकरण इतकं साधं नाही. तिथे पदार्थाच्या प्रत्येक ठिकाणी सोळा घरांचा एक चौकोन मांडावा लागतो, चार ओळी आणि चार रकाने. पहिल्या घरात ऊर्जा. वस्तुमान हे तिचंच एक रूप, म्हणून तेही तिथेच. पहिल्या ओळीतल्या आणि पहिल्या रकान्यातल्या बाकीच्या घरांत, ती ऊर्जा कुठे वाहते आहे ते. उरलेल्या नऊ घरांत ताण: कोण कुणाला दाबतंय, कोण कुणाला खेचतंय, कोण कुणावरून घसरू बघतंय. काही घरं एकमेकांची जुळी असतात, त्यामुळे वेगळे आकडे दहाच. आणि अवकाश-काळाला वाक देण्यात या सगळ्या घरांचा हात असतो, एकट्या वजनाचा नाही. दाबाचीही स्वतःची ओढ असते. फक्त ती इतकी क्षीण की शंभर वर्षं बिचारी फळ्यावरच राहिली.

सहा वर्षांपूर्वी अतिथंड अणूंचे ढग एकमेकांत गुंतवून ठेवायची युक्ती सापडली. असा ढग पहिल्या घराकडे कानाडोळा करून फक्त ताणाच्या नऊ घरांची ओढ ओळखतो, असं लक्षात आलं, आणि दगडाच्या पोटातला ताण दगड न फोडता मोजता यायला लागला. पूल, बोगदे, धरणं यांच्या नाड्या बघत सोळाघऱ्या राज्यभर हिंडू लागल्या. त्यातली एक माझ्या जीपमध्ये होती.

या चौकोनाचा एक कडक नियम आहे. जी वस्तू आपल्या जागी स्वस्थ उभी आहे, तिच्याभोवती पूर्ण कुंपण घातलं, तर आतलं सगळं ढकलणं-खेचणं मिळून शून्य व्हायला हवं. गॅसवरचा कुकर घ्या. वाफ बाहेर ढकलते, भांड्याचा पत्रा तिला आत खेचून धरतो, आणि दोन्हींची बेरीज शून्य येते. बाहेरून बघणाऱ्याला आत केवढी झोंबाझोंबी चालू आहे याचा पत्ताही लागत नाही. बेरीज शून्य आली नाही तर समजावं, एक तर कुकर उडालाय, नाहीतर आपल्या मांडणीत काहीतरी सुटलंय.

सोंड तलावाचा बांध उडालेला नव्हता. दीडशे वर्षांचा, काळ्या दगडाचा, चारशे मीटर लांब असा तो खडकसोंड गावाला पाणी पाजत समोर उभा होता. मार्गशीर्ष असल्यामुळे तलाव काठोकाठ होता. बांधाच्या पूर्वेच्या अंगाला, त्याला पाठ लावून, तीनभिंती वस्तीतली एकशे बारा घरं होती. सत्तरेक वर्षांपूर्वी बांधाच्या दुरुस्तीला आलेली वडार कुटुंबं काम संपल्यावर तिथेच राहिली. त्यांनी तीन भिंती स्वतः घातल्या आणि चौथी बांधाची धरली. पुढे पत्रे जाऊन काँक्रीटचे स्लॅब आले, एकाला एक लागून. सोमवारी ही सगळी घरं पाडायची होती. बदल्यात प्रत्येकाला नव्या वसाहतीत फ्लॅट ठरला होता, किल्ल्याही वाटून झाल्या होत्या. माझ्याकडून खात्याला फक्त एका ओळीचा दाखला हवा होता: बांध स्वतःच्या ताकदीवर सुस्थितीत उभा आहे.

आणि मला तो देता येत नव्हता.

दुपारी तीन वाजता मी पुन्हा मोजलं. अकराशे चाळीस. संध्याकाळी सहाला पुन्हा अकराशे. आता मात्र माझं डोकं फिरलं. तलावाचं पाणी दुपारी वाढत नाही आणि संध्याकाळी ओसरत नाही. मग दुपारच्या वेळी हे चाळीस टन कुठून आले होते? यंत्र बनवणाऱ्यांना फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "मॅडम, बॅटरी बदलून पाहिलीत का?" मी बदलली. काही फरक पडला नाही, फक्त माझी चिडचिड वाढली.

शुक्रवारी सकाळी मी सोळाघरी घरच्या ओट्याशेजारी ठेवली आणि कुकर लावला. तिसरी शिट्टी होईपर्यंत आकडा शून्यावर ठाम होता. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं.

"आता डाळीचीसुद्धा सरकारी मोजणी होणार वाटतं," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील, दिगंबर हुद्दार. वय शहात्तर. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं भूकरमापक होते. सोंड तलावाच्या हद्दीचा जो नकाशा आज राज्याच्या महानकाशात आहे, तो त्यांच्या हातचा. त्यावर त्यांचा आपल्या लेकीपेक्षा जास्त जीव असावा असा मला लहानपणापासून संशय आहे. तीनभिंती उठवावी म्हणून पहिला अर्ज त्यांनीच केला होता, मी चौथीत असताना. सोमवारी सकाळी घालायला त्यांनी इस्त्रीचा सदराही काढून ठेवला होता.

मी त्यांना अकराशे टनांचं सांगितलं. त्यांनी पोह्यांवरचं खोबरं बाजूला केलं आणि म्हणाले, "माझा नकाशा चुकत नाही. तुझं यंत्र चुकत नाही. मग उरलं कोण?"

"मी," मी म्हणाले.

"असू शकतं," अण्णा म्हणाले.

कार्यकारी अभियंता बोरगावे साहेबांचं मत याहून सोपं होतं. "हे बघा वैदेही मॅडम, यंत्राला ताप आला असेल. ‘उपकरणातील त्रुटी’ असं एक कलम आहे आपल्याकडं. तेवढं लिहायचं, दाखला द्यायचा, आणि सोमवारी मोकळं व्हायचं. घोडं कुठं पेंड खातंय ते मागनं बघू की."

"साहेब, घोडं बांधाखालीच पेंड खात असेल तर?"

"मग बांध पडला असता," साहेब म्हणाले. हीच गोष्ट मलाही कळत नव्हती.

दुपारी मी तीनभिंतीत गेले. कामासाठी नव्हे. रेणुका विटकर माझी शाळेतली मैत्रीण, नगरपालिकेच्या शाळेत पाच वर्षं एका बाकावर. तिच्या घरी जायला मला बंदी होती. "ते घर नाही, अतिक्रमण आहे," असं अण्णा म्हणत, आणि अतिक्रमणात खेळायला जायचं नसतं, असं मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं. ती सोमवारी जाणार, म्हणून एकदा भेटावं एवढाच विचार होता.

"आलीस व्हय? चाळीस वर्षांनी वाट गावली!" रेणुका दारातच म्हणाली. घरात बोचकी बांधून ठेवलेली होती. खुंटीला फ्लॅटची किल्ली लटकत होती आणि बोलता बोलता तिची नजर सारखी तिकडे जात होती. तिसरा मजला, लिफ्ट, दोन खोल्या, नळाला चोवीस तास पाणी. "तलावाला पाठ लावून जन्म गेला बघ, आन् पाणी दीड किलोमीटरवरनं," ती हसत म्हणाली. "पोरीला अभ्यासाला खोली मिळंल. मला आणि काय पायजे?"

ऊन आत येत होतं म्हणून मी उठून दार लोटलं. ते अर्ध्यातच अडकलं.

"न्हाई लागायचं," रेणुका म्हणाली. "दुपारचं ह्या वळीतलं एक दार लागत न्हाई. स्लॅब तापला की चौकट आवळतीया. वरनं कुरकुर ऐक. संध्याकाळी आपोआप लागतंय."

मी तशीच उभी राहिले. डोक्यावर स्लॅब खरोखर कुरकुरत होता. उन्हाने तापून तो फुगला होता. घरांच्या पुढे चढाचा खडक, त्यामुळे तिकडे सरकायला वाव नाही. मग फुगलेला स्लॅब मागे रेटणार, म्हणजे बांधाला. एकशे बारा स्लॅब, एकाच दुपारी. माझे चाळीस टन मला सापडले. आणि उरलेले? सत्तर वर्षांत बांध इंचाइंचाने झुकून ज्या कशावर टेकला होता, ते माझ्या डोक्यावरच होतं.

मी पळत जाऊन जीपमधून सोळाघरी आणली आणि कुंपणाची रेघ बांधाच्या पुढे, घरांपर्यंत वाढवायला गेले. यंत्र आपली हद्द महानकाशातून घेतं. पडद्यावर पांढरा कोरा पट्टा आला आणि त्यावर अक्षरं: या ठिकाणी मोजण्यासारखे काही नाही.

यंत्र बिचारं काय करणार! तीनभिंती नकाशात नव्हतीच. अतिक्रमण नकाशावर काढायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. काढलं की त्याला नोंद मिळते, नोंद मिळाली की हक्क मिळतो. म्हणून अण्णांच्या गुरूने अण्णांना आणि अण्णांनी पुढच्या पोरांना एकच शिकवलं: अशी जागा आली की पेन्सिल उचलायची आणि पलीकडे टेकवायची. मोजायला गेलेला माणूस एकशे बारा घरांच्या मधून चालत जायचा, कुणाकडे तरी पाणी प्यायचा, आणि कागदावर मोकळी जागा लिहायचा. आता त्याच कागदावरून माझं यंत्र कुंपण घालत होतं. कुकरचं झाकण बाहेर ठेवून बेरीज मांडल्यावर ती जुळणार कशी?

महानकाशाची जोडणी काढून मी यंत्र रेणुकाच्या स्वयंपाकघरात नुसतं हाताने लावलं. संध्याकाळी स्लॅब निवल्यावर तिच्या घरावर साडेनऊ टन होते.

शनिवारचा दिवसभर मी घराघरांत शिरत होते. बायका बोचकी सरकवून जागा करून देत, चहा विचारत, आणि काय मोजता म्हणून विचारत. मी काहीतरी पुटपुटत होते. काय सांगणार? तुमच्या देवघरामागच्या भिंतीवर आख्खा तलाव टेकलाय हे? कुणाचं आठ टन, कुणाचं तेरा. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर बेरीज केली. एक हजार शहाण्णव. मोजमापातली कमीजास्त धरली तर तेच अकराशे. आता सगळं मिळून शून्य येत होतं. कुंपणात घरं घेतली की बांध उभा होता. घरं काढली की नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. गुंता सुटल्यावर होतो तसा. झाला नाही. उलट आतापर्यंत एकच गोष्ट कळत नव्हती, आता एकही कळेनाशी झाली.

कारण बोरगावे साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि नियम वाचून दाखवले. तलाव घाईने रिकामा करता येणार नाही. गावाला दुसरं पाणी नाही, आणि पाणी झपकन उतरलं तर बांधाच्या पोटातला ओला मातीचा भराव तलावाच्या बाजूला ढासळेल. बांधाला बाहेरून दगडी टेकू बांधायला चार वर्षं. तोवर पाडकाम थांबवायचं तर नुसता माझा दाखला अडवून भागणार नाही, घरं नकाशावर यायला हवीत, कारण जे नकाशावर नाही त्याच्यामुळे सरकारी काम थांबत नाही. नकाशा सोमवारच्या आत दुरुस्त व्हायचा तर मूळ मोजणीदाराची संमती लागते, तो हयात असेल तर. शिवाय पंचनाम्यावर प्रत्येक घराची सही.

"आणि फ्लॅट?" मी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला. "फ्लॅट पाडलेल्या घराच्या बदल्यात असतोय, मॅडम. घर पाडलंच न्हाई तर मोबदला कशाचा? ही घरं बांधाचा भाग म्हणून नोंदली जातील. मग ती विकता न्हाई यायची, खिळा ठोकायचा तरी आमची परवानगी. किल्ल्या परत घ्याव्या लागतील."

"म्हणजे आगीतून फुफाट्यात."

"मी नियम सांगितला," साहेब म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता. "करू नका असं न्हाई म्हणत मी. बांध फुटला तर खालचं निम्मं गाव जातंय. माझंबी घर तिथंच हाय."

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग चिडले. "चौतीस वर्षं मी त्या रेघेसाठी शिव्या खाल्ल्या. लाच नाकारली. बदल्या झेलल्या. आणि आता तू म्हणतेस मी स्वतःच्या हाताने ती घरं त्या नकाशात काढू?"

"हो."

"बांध सरळ आहे, वैदेही. दर पाच वर्षांनी मी स्वतः ओळंबा लावलाय."

"कुठे लावलात, अण्णा?"

ते म्हणाले, "दोन्ही टोकांना. जिथे मोकळा आहे तिथे."

रविवारी सकाळी ते आपला ओळंबा खिशात घालून माझ्याबरोबर निघाले. पितळी, दोरी गुंडाळलेला. तीनभिंतीत आयुष्यभर हिंडलेला माणूस पहिल्यांदा तिथल्या एका घराचा उंबरा ओलांडत होता, आणि चपला कुठे काढाव्यात हेही त्यांना कळेना. रेणुकाने मुकाट्याने जागा दाखवली. अण्णा स्टुलावर चढले. बांधाच्या दगडाला, स्लॅबच्या खाली, त्यांनी दोरी टेकवली आणि ओळंबा सोडला. तो हलायचा थांबला. वर दोरी दगडाला चिकटलेली, आणि खाली दगड आणि ओळंबा यांच्यात चार बोटं आरामात जात होती. बांध पुढे आला होता, घरावर.

अण्णांनी तीनदा मोजलं. मग खाली उतरले आणि रेणुकाच्या बोचक्यावरच बसले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "इथे घर आहे हे मला माहीत होतं गं. रोज दिसत होतं. पण मी इथे बघायलाच आलो नाही."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि यातलं कुठलं जास्त हे मला अजून सांगता येत नाही. त्यांनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर धरला, आणि इतकी वर्षं उचललेली पेन्सिल मोकळ्या जागेत टेकवली. तासाभरात पहिली रांग उतरली. एकही रेघ वाकडी झाली नाही.

आता सही. पहिलं घर रेणुकाचं. बातमी वस्तीत फुटली होती. दारात बाया-माणसं जमली होती. मी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. सही केलीस तर घर राहील आणि फ्लॅट जाईल. चार वर्षांनी टेकू झाला तर पुन्हा मिळेल, पण तसं कागदावर कुठे लिहिलेलं नाही. सही केली नाहीस तर उद्या पाडकामाची यंत्रं येतील, फ्लॅट तुझा, आणि बांध किती तास धरेल ते मला ठाऊक नाही.

"मग मला कशाला इचारतीस?" रेणुका म्हणाली. तिचा आवाज चढला. "इचारल्यागत करतीस, आन् उत्तर तुझ्या हातातच! तुझ्या बापानं आधी आम्हाला कागदावरनं पुसलं. आता तू कागदावर घेतीस, ते पण बांधाचा दगूड म्हणून. माणूस म्हणून कवा घेणार?"

तिचं खरं होतं. मी चूक केली असं मला वाटत नव्हतं, बरोबर केलं असंही वाटत नव्हतं, आणि या दोन्हींची बेरीज कशी करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

रेणुकाने खुंटीवरच्या किल्लीकडे पाहिलं. मग अचानक शांत आवाजात तिने विचारलं, "माझ्या घरावर किती हाय गं?"

"काय?"

"त्या तुझ्या डब्यात. आकडा किती आला?"

"साडेनऊ टन," मी म्हणाले. "दुपारी दहाच्या आसपास."

"कवापास्नं?"

"तीस-चाळीस वर्षं तरी. हळूहळू वाढत गेलं असणार."

ती भिंतीकडे वळली. "साडेनऊ टन," ती स्वतःशीच म्हणाली. "आन् गाव म्हणायचं, आमचा भार हाय तलावाला." तिने खुंटीवरून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. पेन घेतलं. रेणुका यल्लाप्पा विटकर, अशी सही केली, आणि सहीपुढे, जिथे काहीच लिहायचं नव्हतं तिथे, ठसठशीत अक्षरात लिहिलं: साडेनऊ टन.

"असं नाही लिहायचं," अण्णा सवयीने म्हणाले. "त्याला रकाना नाही."

"मग काढा रकाना," रेणुका म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टी घेतली आणि पानाच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

त्यानंतर रांग लागली. कुणी भांडलं, कुणी रडलं. दोघांनी सही करणार नाही म्हणून सांगितलं, त्यांच्याशी मी नव्हे, रेणुका बोलली, आणि तासाभराने ते आले. माझ्याशी ती दिवसभर एक शब्दही बोलली नाही. प्रत्येक जण सहीच्या आधी एकच विचारायचा, माझा किती? मी वहीत बघून सांगायचे. आठ. साडेअकरा. तेरा. ते आकडा लिहायचे, काही जण अंगठ्याशेजारी माझ्याकडून लिहून घ्यायचे. माझ्या पिशवीत किल्ल्यांचा ढीग वाढत होता आणि प्रत्येक किल्ली टाकताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी चारला शेवटची म्हातारी आली, हणमव्वा धोत्रे. तिच्या घरावर तेरा टन, रांगेतलं सगळ्यात जास्त. तिने अंगठा उठवला, पदराला पुसला, आणि कागद गोळा करणाऱ्या अण्णांना सहज, काही मनात न ठेवता विचारलं, "आन् सायेब, तुमच्या घरावर किती हाय?"

अण्णा माझ्याकडे वळले. शुक्रवारी सकाळी मी आमच्या ओट्याशेजारी मोजलं होतं, त्यामुळे उत्तर मला ठाऊक होतं.

"काही नाही, आजी," मी म्हणाले. "शून्य."